छाटणीसाठी कमरेची बॅटरी: १८६५० की फॉस्फेट?

हापूसच्या कलमांची छाटणी करताना २१ व्होल्टची छोटी चेनसॉ हलकी हवी आणि बॅटरी कमरेला हवी, हे एकदा मनगट भरून आलं की पटतं. जुन्या बॅटरीचं रिकामं कवच करवतीला बसवायचं, त्यातून वायर काढायची, पॅक पिशवीत ठेवायचा. प्रश्न उरतो सेलचा. १८६५० लिथियम आयन की ३२७०० लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे पुढे नुसतं फॉस्फेट? (आकडे सेलच्या मापाचे: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब; ३२ जाड, ७० लांब.) गुहागरच्या बाजूला, समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या बागेत मी दोन्ही वापरले आहेत.

वजनात १८६५० सरस, यात वाद नाही. पाच सिरीज, चार पॅरलल, म्हणजे चार-चार सेल शेजारी जोडलेले पाच गट एकापुढे एक, असे वीस सेल किलोभरात बसतात. फॉस्फेटचे सहा सिरीज, दोन पॅरलल म्हणजे बाराच सेल, पण पावणेदोन किलो. शिवाय फॉस्फेटचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे चार्ज दाखवणारे दिवे काही सांगत नाहीत आणि करवत एकदम थांबते. एवढ्यावरून कोणी १८६५० घेतले तर मी चूक म्हणणार नाही. माझाही पहिला पॅक तोच होता.

एक पावसाळा त्याने काढला. पुढच्या मेअखेर आंबा उतरल्यावर छाटणीला काढला, तर करवत दहा मिनिटांत बंद. निळं वेष्टण कापून पाहिलं. सेल एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या गंजल्या होत्या, आणि एका गटातल्या चारपैकी दोन सेलचे वेल्ड सुटले होते. उरलेल्या दोघांवर सगळा भार, म्हणून तो गट आधी रिकामा व्हायचा. शुद्ध निकेल म्हणून घेतलेली पट्टी मुलामा दिलेलं लोखंड निघाली. लोहचुंबकाने हे कळत नाही, कारण निकेलही चिकटतं. पट्टीवर ओरखडा काढून ती रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची. लोखंड असेल तर सकाळी तांबूस दिसतं.

खरा त्रास पुढे होता. गावात स्पॉट वेल्डर, म्हणजे सेलला पट्टी चिकटवणारं यंत्र, नाही; सेलला थेट सोल्डरचा डाग द्यायचा नाही, कारण उष्णतेने सेल बिघडतो. पट्टी ओढून काढताना एका सेलचा पत्राच फाटला. पॅक चिपळूणला पाठवला, तो परत येईपर्यंत पाऊस लागला आणि छाटणी राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या वेळी बोल्टवाले फॉस्फेट सेल घेतले. तांब्याच्या पट्ट्या, स्टेनलेसचे एम ४ बोल्ट, वर पेट्रोलियम जेली. गणपती उरकले की ७ नंबरच्या पान्याने खोलतो, पुसतो, पुन्हा आवळतो. पान्याला दांड्यापर्यंत टेप गुंडाळा, नाहीतर दोन टोकं एकदम जोडली जातील. खारा वारा इथेही लागतोच, पण दुरुस्ती पडवीत बसून होते.

चार्जरची सोयही झाली. सहा फॉस्फेटचा पूर्ण चार्ज २१.९ व्होल्ट, पण जुन्या २१ व्होल्टच्या चार्जरवर प्रत्येक सेलला ३.५ मिळतात आणि पॅक जवळजवळ भरतो. मात्र तेवढ्यावर बहुतेक बीएमएसचं (पॅक सांभाळणाऱ्या सर्किटचं) बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल सारखे भरण्याचं काम, सुरू होत नाही, म्हणून सेल आधी समपातळीवर आणून जोडा आणि अधूनमधून मल्टिमीटर लावा. उलटं मात्र कधीच करू नका: २१.९ चा चार्जर पाच १८६५० ना लावला तर सेलमागे ४.३८ होतात, आणि मर्यादा ४.२ ची आहे.

सेल कुठलेही असोत, पॅकजवळ ३० अँपिअरचा फ्यूज, त्याच जातीच्या सेलचा बीएमएस आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर हवी. दीड मीटर जाऊन येताना २० अँपिअरला तिच्यात पाव व्होल्ट जातं. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत एक व्होल्ट.

तुम्ही समुद्रापासून आत राहत असाल आणि वेल्डर हाताशी असेल, तर कदाचित १८६५० च बरे पडतील. किनाऱ्यावर मी तरी फॉस्फेटच घेईन. कंबर दुखली की पिशवी फांदीच्या बेचक्यात अडकवतो. वायर दीड मीटर ठेवली ती त्यासाठीच.