आवडत्या जॅझ गायिकेचे अल्बम : तबकडी घ्यावी की डिजिटल?

तबकडी की डिजिटल (म्हणजे सीडी, फाइल किंवा स्ट्रीमिंग), हा वाद बहुतेक वेळा ‘कोणता आवाज जास्त गोड’ इथेच अडकून बसतो. पण एखाद्या गायिकेचं जमेल तेवढं काम गोळा करायचं असेल, तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : ती कोणत्या काळात गायली? बरंचसं उत्तर तिथेच मिळतं.

बिली हॉलिडेपासून सुरुवात करू. तिचं ध्वनिमुद्रण १९३३ मध्ये सुरू झालं आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एलपी (एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणारी मोठी तबकडी) बाजारात आणली १९४८ मध्ये. म्हणजे तिच्या उमेदीच्या काळातली गाणी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर आली, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं एक गाणं. ‘तिचा तीसच्या दशकातला अल्बम’ अशी वस्तूच मुळात नाही. त्या गाण्यांची जी एलपी आज दिसते, ती कुणीतरी नंतर केलेली निवड असते. अशा वेळी तबकडीमागे धावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. २००१ मध्ये तिच्या कोलंबियाच्या काळातली गाणी दहा सीडींच्या संचात एकत्र आली. सलग, कालक्रमाने आणि पर्यायी टेकसह (त्याच गाण्याच्या दुसऱ्या मुद्रणांसह) ऐकायचं तर तोच मार्ग सोयीचा.

पण याच बिलीचा १९५८ चा ‘लेडी इन सॅटिन’ घ्या. रे एलिसची व्हायोलिनांनी भरलेली संगीतरचना आणि त्यात तिचा झिजलेला, चिरफाळलेला आवाज. हा अल्बम एलपी म्हणूनच कल्पिलेला आहे. नंतरच्या डिजिटल आवृत्त्यांत शेवटी पर्यायी टेक जोडलेले असतात. अभ्यासाला ते छान आहेत, पण ऐकण्याचा परिणाम सांडून जातो. इथे मी तबकडी घेईन.

एला फिट्झजेराल्डच्या बाबतीत पारडं एलपीकडे आणखी झुकतं. नॉर्मन ग्रँझने १९५६ मध्ये व्हर्व्ह लेबल काढलं आणि त्याच वर्षी एलाचं कोल पोर्टर साँगबुक (एकाच गीतकार-संगीतकाराच्या गाण्यांचा संच) दोन एलपींवर आलं. १९५९ चं गर्श्विन साँगबुक तर पाच एलपींचं, पन्नासहून जास्त गाण्यांचं. हे सगळं स्ट्रीमिंगवर एका दमात वाजवून पाहा. तिसऱ्या तबकडीच्या जागी पोचेपर्यंत कान सुस्तावतात. एका बाजूला वीसेक मिनिटं, मग उठून तबकडी उलटायची, ही सक्ती अशा भरगच्च कामाला उपकारकच ठरते. अर्थात पाचही तबकड्या चांगल्या स्थितीत एकत्र मिळणं सोपं नाही. सुटी गाणीच ऐकायची असतील तर डिजिटलवर समाधान माना.

आता तबकडीची खरी अडचण. माणसाचा आवाज ही सुईची सगळ्यात कडक परीक्षा असते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच वेगाने घेते, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाच सरकते आणि लेबलजवळ पोचेपर्यंत हा वेग वीसेक सेंटिमीटरवर येतो. तेवढाच ध्वनी कमी जागेत कोंबला जातो आणि ‘स’, ‘श’ फिसफिसायला लागतात. बाजूच्या शेवटी संथ बॅलड ठेवलेलं असेल तर गायिकेचा आवाज आणि ही अडचण नेमकी एकत्र येतात. त्यात जॅझमध्ये साथीला ब्रशने वाजणारा ड्रम आणि डबल बास असतो. रॉकच्या गदारोळात लपणारी खरखर इथे उघडी पडते. कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) नीट बसवलेलं नसेल तर हे सगळं दुप्पट जाणवतं. टर्नटेबलची ही उस्तवार करायची तयारी नसेल, तर सरळ डिजिटल घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

जुन्या तबकड्यांत आणखी एक सापळा आहे. साठच्या दशकात स्टीरिओची चलती झाली, तेव्हा कंपन्यांनी मोनो (एकाच वाहिनीची) ध्वनिमुद्रणं इलेक्ट्रॉनिक करामतीने ‘स्टीरिओ’ करून विकली. कव्हरवर तशी सूचना असते, बहुधा बारीक अक्षरात. गायिकेचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. १९५७ पूर्वीचा गायनाचा अल्बम असेल आणि कव्हरवर मोठ्या अक्षरात ‘स्टीरिओ’ दिसलं, तर आधी शंका घ्या. त्याची मोनो प्रत शोधा, नाहीतर मूळ टेपवरून केलेली फाइल घ्या.

नव्या तबकड्या म्हणजे सुरक्षित, असंही नाही. युरोपीय संघात १९६२ पर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं कॉपीराइटमुक्त आहेत. त्यामुळे कुणीही बिली, एला, सारा वॉनच्या तबकड्या कायदेशीरपणे छापू शकतो. मूळ टेप हाताशी नसतात, मग एखाद्या सीडीवरूनही काम भागवलं जातं. म्हणजे सीडीचाच ध्वनी, वर सुईची खरखर! ‘१८० ग्रॅम’ या चिकटपट्टीला भुलू नका. ते तबकडीचं वजन आहे. मास्टरिंग (टेपवरून अंतिम ध्वनी तयार करण्याचं काम) कुणी केलं आणि कोणत्या टेपवरून, हे छापलेलं आहे का ते बघा. केव्हिन ग्रे किंवा बर्नी ग्रंडमन यांच्यासारख्या नावाजलेल्या मास्टरिंग तंत्रज्ञाचं नाव असेल तर थोडं निश्चिंत व्हायला हरकत नाही. मूळ टेपवरून नीट केलेली व्हर्व्हची अकूस्टिक साउंड्स मालिका २०२० पासून निघते आहे, ती या कामाला चांगली.

‘पूर्ण अ‍ॅनालॉग’ (टेपपासून तबकडीपर्यंत कुठेही डिजिटल नाही) या शब्दांचाही फार बाऊ नको. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या बऱ्याच तबकड्या बनवताना मधे एक डिजिटल पायरी असते, हे २०२२ मध्ये बाहेर आलं. त्यांच्या निखळ अ‍ॅनालॉग ध्वनीची वर्षानुवर्षं तारीफ करणाऱ्यांपैकी अनेकांना ते कानाने कळलं नव्हतं. मला ही गोष्ट आवडते.

डिजिटलचा मोठा घोळ ध्वनीत नाही, नोंदींत आहे. कॉपीराइटमुक्त गाण्यांची संकलनं स्ट्रीमिंगवर अक्षरशः रास घालून पडली आहेत. एकच गाणं दहा कव्हरांखाली दिसतं आणि वर्ष दाखवतात ते पुनर्प्रकाशनाचं. बिलीचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ १९३९ मध्ये कमोडोर लेबलसाठी मुद्रित झालं आणि १९५६ मध्ये ग्रँझच्याच क्लेफ लेबलसाठी पुन्हा. दोन्हींतला आवाज पार वेगळ्या बाईचा वाटतो, पण शोधात यातलं कोणतं वर येईल याचा भरवसा नाही. साथीदारांची नावं तर क्वचितच सापडतात. सारा वॉनच्या १९५४ मध्ये मुद्रित झालेल्या अल्बममध्ये ट्रम्पेटवर क्लिफर्ड ब्राउन आहे, हे माहीत असण्यात निम्मी मजा आहे. एलपीच्या मागच्या बाजूला ते छापलेलं असतं. शिवाय हक्कांचा करार संपला की अल्बम स्ट्रीमिंगवरून गायब होऊ शकतो. ज्या चार-पाच अल्बमवर खरा जीव आहे, ते तरी फाइल विकत घेऊन ठेवा, फ्लॅकमध्ये (ध्वनीतलं काही न गाळणारा फाइल-प्रकार). २४ बिटच हवेत असा हट्ट नको. मास्टरिंग चांगलं असेल तर सीडीचे १६ बिट पुरतात आणि वाईट असेल तर २४ बिटही वाचवत नाहीत.

शर्ली हॉर्नचा ‘हिअर्स टू लाइफ’ १९९२ चा आणि कसांड्रा विल्सनचा ‘ब्लू लाइट टिल डॉन’ १९९३ चा. ही गाणी सीडीच्या लांबीचा हिशेब धरून रचलेली आहेत. इथे सेकंडहँड सीडी घ्या, संगणकावर उतरवून ठेवा. कव्हर, नावं, मालकी, सगळं त्यात येतं.

राहता राहिल्या स्वतःचं लेबल काढणाऱ्या. बेटी कार्टरने बेट-कार काढलं, ब्लॉसम डिअरीने १९७४ मध्ये डॅफोडिल. बेटीचं बरंचसं काम पुढे व्हर्व्हने सीडीवर आणलं, त्यामुळे ऐकण्यासाठी तबकडीच हवी असं नाही. तिचा ‘द ऑडियन्स विथ बेटी कार्टर’ १९८० चा, त्यात एक गाणं पंचवीस मिनिटांहून लांब आहे. छोट्या लेबलांच्या मूळ प्रती कमी निघालेल्या असतात, म्हणून हवीच असेल तर डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर चिकाटीने शोधावी लागते. प्रतीच्या स्थितीच्या तिथल्या श्रेणी अक्षरशः घेऊ नका. ‘व्हेरी गुड’ म्हणजे खरखर ऐकू येणारच आणि ‘गुड’ म्हणजे जवळजवळ झिजलेली. गायनासाठी ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली उतरू नये. पैसे देण्याआधी विक्रेत्याला लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला क्रमांक विचारा, म्हणजे कोणती आवृत्ती आहे ते ताडून पाहता येतं. आणि प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं वाजवून पाहिलंय का, तेही विचारा. ‘फक्त डोळ्यांनी तपासली आहे’ असं उत्तर आलं, तर ती प्रत सोडून पुढच्या विक्रेत्याकडे वळा.