बोटीचं किट: मोटर ठेवा, गोंद फेका

पोळ्याच्या सुमारास आठवडी बाजारात, लाकडी नंद्यांच्या शेजारीच हे किट लटकलेलं दिसतं. तान्ह्या पोळ्याचा बोजारा (नंदी घेऊन फिरणाऱ्या लेकरांना मिळणारे पैसे) हातात असलेलं पोट्टं तिथं थांबतंच. खोक्यात 20 बाय 10 सेंटिमीटरची, 2 सेंटिमीटर जाड थर्माकोलची पाटी, 3 व्होल्टची मोटर, प्लास्टिकचा पंखा, बटण, वायर, 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि गोंदाची नळी. किंमत 150 रुपये. मोटर-पंख्यासाठी घ्यायला हरकत नाही.

गोंद मात्र उघडूच नका. तो रबरी सोल्युशनच्या जातीचा आहे, थर्माकोल विरघळवतो. लावलेल्या जागी खड्डा पडतो, मोटर तिरपी बसते आणि लेकराला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. फेव्हिकॉल थर्माकोलला खात नाही, पण पाण्यात भिजला की पांढरा होऊन सुटतो. त्यापेक्षा मोटरच्या दोन्ही अंगांनी खराट्याच्या काड्या आरपार टोचा आणि वरून रबरबँड ताणून अडकवा. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे एकट्याला जमतं.

बॅटरीही बदला. 3 व्होल्टच्या मोटरला 9 व्होल्ट दिले की ती सुसाट फिरते, तापते आणि बॅटरीही लवकर मरते. दोन पेन्सिल सेल एकामागे एक जोडले की नेमके 3 व्होल्ट.

खोक्यावरच्या चित्रात मोटर पाटीवर सपाट आहे. तशी बसवली तर पातं पाटीला किंवा पाण्याला लागतं आणि बोट जागच्या जागी तडफडते. मोटरखाली थर्माकोलचा तुकडा द्या. पातं सगळीकडून निदान 1 सेंटिमीटर मोकळं हवं. बोट पुढे न जाता मागे गेली तर मोटरच्या दोन वायरी आपसात बदला.

बुडण्याची चिंता नको. पाटीचा तळ 200 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 20 ग्रॅम वजनाला बोट 1 मिलिमीटर खाली जाते. सगळं सामान 80 ग्रॅम धरलं तरी 4 मिलिमीटर. खरी अडचण कलण्याची. मोटर मागे असल्यामुळे शेपूट दबतं. म्हणून सेल आधी पक्के करू नका. बोट घमेल्यातल्या पाण्यात ठेवून मुलालाच ते पुढे-मागे सरकवू द्या. दोन्ही टोकं सारखी तरंगली की तिथं पेनानं खूण. तरीही बोट गोल फिरत असेल तर पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक 3 बाय 4 सेंटिमीटर कापून मागच्या बाजूला तळात उभं खोचा. ते जरा वळवलं की बोट सरळ धावते.

पाटी तुटली तर नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपाच्या अंगठ्याएवढ्या जाड, पूर्ण वाळलेल्या सहा-सात काड्या सुतळीनं बांधा. ओल्या काडीचा चीक विषारी असतो, ती घेऊ नका.

बोट घरच्या टाक्यात, मोठं माणूस जवळ असतानाच सोडावी. शेततळ्यावर मुलाला नेऊच नका. तिथं तळाशी-काठाला अंथरलेलं प्लास्टिक ओलं झालं की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.