पत्र्याच्या शेडचं कोटेशन: दर स्वस्त, माप महाग

गच्चीवरच्या शेडसाठी एका फॅब्रिकेटरनं, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्यानं, दिलेलं कोटेशन दोनच ओळींचं होतं. ‘कलर कोटेड पत्रा ०.५० एमएम, फिटिंगसह, १,४१३ चौरस फूट’ आणि त्याखाली ‘फ्रेम, पाइप ५० बाय ५० बाय २ एमएम, वजनाप्रमाणे’. आलेल्या कोटेशनांत चौरस फुटाचा दर याचाच सगळ्यात कमी, म्हणून काम याला दिलं. गच्चीवर शेड टाकणारे बहुतेक जण असंच करतात आणि या धंद्यातल्या लबाडांना ते पक्कं ठाऊक असतं. दरात ते फसवत नाहीत, कारण दर तुम्ही चार ठिकाणी विचारता. माप कोणी विचारत नाही.

१,४१३ हा आकडा कुठून आला, ते शेवटचा हप्ता मागायला आला तेव्हा त्याच्याकडूनच कागदावर मांडून घेतलं. गच्ची ४० बाय २४ फूट. मधोमध आढं, दोन्हीकडे उतार, १२ फुटांत ३ फुटांचा. उतारावरून मोजलं की १२ फुटांचे साधारण १२ फूट ४ इंच होतात, वर फूटभर पागोळी. म्हणून पत्रा साडेतेरा फुटांचा. इथपर्यंत त्याचं चोख होतं.

खोट पुढे आहे. पत्र्याची पूर्ण रुंदी १०७० मिलिमीटर, म्हणजे साडेतीन फूट. पण एक कड शेजारच्या पत्र्याखाली जाते, त्यामुळे तो झाकतो फक्त १००० मिलिमीटर. लांबीला ४० फूट आणि दोन्ही टोकांना फूट-फूट बाहेर, असे ४२ फूट झाकायला एका बाजूला १३ पत्रे लागतात, दोन्ही मिळून २६. आता २६ पत्रे गुणिले साडेतेरा गुणिले साडेतीन करा. १,२२८ चौरस फूट येतात. पूर्ण रुंदी धरल्यामुळे यात ओव्हरलॅप आधीच आला. प्रत्यक्षात झाकलेलं छत १,१३४ चौरस फूट. पत्रे मोजून १,२२८ चे पैसे घेतले असते तर माझी तक्रार नव्हती. यानं त्यावर १५ टक्के ‘ओव्हरलॅप आणि वेस्टेज’ चढवलं. म्हणजे ओव्हरलॅपचे पैसे दोनदा, आणि वेस्टेज कसलं? पत्रे कारखान्यातूनच साडेतेरा फुटांना कापून आले होते. काम संपल्यावर गच्चीवर हातभर तुकडासुद्धा उरला नव्हता.

जाडीचं प्रकरण निघालं ते वेगळ्याच निमित्तानं. शेडला लागून छोटा आडोसा करायचा म्हणून दुसऱ्या एका फॅब्रिकेटरला बोलावलं होतं. तो शिडीवरून पत्र्यावर हात दाबून म्हणाला, “हा किती एमएम सांगितलाय?” मी म्हटलं, पॉइंट पाच. त्यानं खिशातून जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला, कापलेल्या कडेवरचा बर (उभा राहिलेला कंगोरा) टाळून थोडा आत तीन-चार ठिकाणी लावला. सगळीकडे ०.४० च्या आसपास. तेही रंग आणि गंज लागू नये म्हणून दिलेला मुलामा धरून. मग त्या २६ पत्र्यांखेरीज आडोशासाठी म्हणून वेगळा घेऊन ठेवलेला त्याच मालातला एक पत्रा वजनकाट्यावर टाकला. १४ किलो भरला. साडेतेरा फुटांचा, रंग-मुलामा धरून खरा ०.५० एमएमचा पत्रा १८ किलोच्या आसपास भरायला हवा. हा हिशेब अवघड नाही: एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर पोलाद ७.८५ किलोचं असतं, रंग-मुलामा त्याहून हलका. फक्त रुंदी १०७० धरायची नाही, घड्या पाडण्याआधीची कॉइलची, म्हणजे सपाट पत्र्याच्या गुंडाळीची, १२२० मिलिमीटर धरायची. नमुना म्हणून पहिल्यानं आधी दाखवलेला तुकडा मात्र खरोखर जाड होता. तो त्याच्या पिशवीत आजही फिरत असेल.

इथे एक बारकी गोष्ट सांगतो, कारण ‘०.५०’ एवढ्या शब्दावर पळवाट असते. पत्र्याची जाडी दोन प्रकारे सांगतात. एक, मुलामा आणि रंगासकट, तिला टीसीटी म्हणतात. दुसरी नुसत्या पोलादाची, बीएमटी. टीसीटी ०.५० असेल तर आतलं पोलाद ०.४३ च्या जवळपास येतं. दोन कोटेशनांतली एक टीसीटी आणि दुसरी बीएमटी असेल तर तुलनाच होत नाही. माझ्या पत्र्याचं मात्र कुठल्याच हिशेबानं ०.५० होत नव्हतं.

फ्रेमचंही तेच. आढ्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच ओळी पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप), प्रत्येकी ४२ फूट, म्हणजे १२८ मीटर. दोन एमएमचा पाइप मीटरला ३ किलोच्या आसपास असतो, दीड-पावणेदोन एमएमचा खूपच हलका. यानं बिल लावलं ३ किलोनं आणि बसवला १.६ एमएमचा, जो २.४ किलोच्या वर जात नाही. ७० किलोंहून जास्त लोखंड नुसतं कागदावर. ‘वजनाप्रमाणे’ लिहिलं होतं, पण वजनकाट्याची पावती कुठेच नव्हती. पाइपाची जाडी बघायची असेल तर टोकाला झाकण वेल्ड करण्याआधीच. नंतर आत बघायला वाटच उरत नाही.

स्क्रूंचे वॉशर ईपीडीएमचे, म्हणजे ऊन-पावसात टिकणाऱ्या रबराचे, ठरले होते, लावले साध्या काळ्या रबराचे. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना भेगा गेल्या. रिज कॅप (आढ्यावरचं झाकण) आणि पन्हळ ‘फिटिंगसह’मध्ये येत नाहीत, हेही शेवटच्या बिलातच कळलं.

पहिल्याला समोर बसवून सगळं दाखवलं तेव्हा म्हणाला, “साहेब, बाजारात पॉइंट पाच म्हणजे हाच येतो.” पत्रे घेतल्याचं दुकानाचं चलान मागितलं. त्यावर जाडी आणि रनिंग मीटर असतात, म्हणून ते हरवलेलंच निघालं. नावाजलेल्या कंपनीच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला बहुधा कंपनीचं नाव नि जाडी छापलेली असते, आमच्या पत्र्यांची मागची बाजू कोरी.

आडोशाचं काम दुसऱ्याला दिलं ते वेगळ्या कागदावर. पत्र्यांची संख्या, प्रत्येकाची लांबी, कव्हर विड्थ (प्रत्यक्ष झाकणारी रुंदी), टीसीटी की बीएमटी, मुलाम्याचा ग्रेड, पाइपाची कटिंग लिस्ट, स्क्रू नगाप्रमाणे, रिज कॅप आणि पन्हळ रनिंग फुटात. दर झाकलेल्या क्षेत्रफळावर. लोखंडाचे पैसे काट्याच्या पावतीवर, आणि ४० टक्के रक्कम माल उतरल्यावर, मोजून झाल्यावर. तो कुरकुरला नाही. एक जण मात्र ही यादी बघून ‘एवढं लिहून कोण देतं’ म्हणत उठून गेला, त्याला जाऊ दिलं.

पहिल्यानं वेस्टेजचे पैसे शेवटच्या हप्त्यातून कापू दिले, कारण तो गुणाकार त्याच्याच हस्ताक्षरात होता. पाइपाचा फरक निम्मा मानला. पत्रे बदलून द्यायला तयार झाला, पण उतरवण्या-चढवण्याची मजुरी आमची म्हणून. ते परवडणारं नव्हतं. त्याऐवजी त्याच्याकडून दोन पर्लिनांच्या मध्ये एकेक ओळ जास्तीची टाकून घेतली, या वेळी २ एमएमची, वजन करून.