योसीची वाट की अंबूलची?
गुणी स्विस आइस हॉकीपटूपुढे दोन वाटा: अमेरिका गाठायची, नाहीतर घरच्या लीगमध्येच मुरायचं. बर्नचा रोमान योसी पहिल्या वाटेने गेला. एनएचएल या तिथल्या अव्वल लीगच्या 2008च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 38वा, 2017पासून नॅशव्हिल संघाचा कर्णधार, 2020 साली सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी. पैसा, प्रसिद्धी भरपूर. पण नियमित हंगामातच 80हून अधिक सामने, आणि संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, पोचला की त्याच सुमारास होणारी वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकण्याची भीती.

दावोसचा आंद्रेस अंबूल अमेरिकेत जेमतेम एक हंगाम खेळला, तोही दुय्यम लीगमध्ये, आणि परतला. मायदेशी सहा विजेतेपदं, देशासाठी तब्बल 20 वर्ल्ड चॅम्पियनशिप! 2025ची त्याची शेवटची. अंतिम सामना गेला तोही ओव्हरटाइममध्ये, 0-1. खेळाडू म्हणून योसी सरस, वाद नाही. माझं मत मात्र अंबूलला.