दिल्लीचा हिवाळा, दम्याचं लेकरू आणि एअर प्युरिफायर: वापरानंतरचा अनुभव

नवऱ्याच्या बदलीमुळं आम्ही जालन्याहून दिल्लीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा सगळ्यात मोठी काळजी लेकीची होती. ती सहा वर्षांची आहे आणि तिला बाळदमा आहे. पावसाळा संपता संपता प्युरिफायर (हवा गाळायचं यंत्र) घेतला. अख्खा हिवाळा आणि नंतरचा धुळीचा उन्हाळा तो वापरून झालाय. आता सुट्टीत सचखंड एक्स्प्रेसनं माहेरी आले, तर शेजारच्या काकूंचा मुलगा यूपीएससीच्या तयारीला दिल्लीच्या राजिंदर नगरला निघालाय आणि परभणीच्या मावसबहिणीचं नोएडाला जायचं ठरतंय. दोघांच्या घरून एकच प्रश्न आला: घ्यावं का ते यंत्र? घ्या. पण एकाच खोलीसाठी घ्या, आणि आधी त्या खोलीच्या फटी बुजवा. कंपनी कुठली हा प्रश्न त्यानंतरचा आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

दुकानात "चारशे चौरस फुटांना पुरतं" असं सांगतात. त्यापेक्षा खोक्यावरचा सीएडीआर नावाचा आकडा बघा. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, ते त्यावरून कळतं. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली साधारण ३४ घनमीटरची होते. तासात पाच वेळा तरी हवा गाळली जावी असं धरलं तर १७० चा सीएडीआर हिशेबात बसतो. तरीही मी २५० ते ३०० चंच घ्या म्हणेन. कारण हा आकडा सगळ्यात मोठ्या वेगाचा असतो आणि त्या वेगाच्या आवाजात कुणी झोपू शकत नाही. रात्री वेग कमी केला की हवाही निम्म्याहून कमी मिळते. फिल्टर एच-१३ दर्जाचा हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, असावा. आयनायझरचं बटण असेल तर ते बंदच ठेवा, त्यातून थोडा ओझोन निघू शकतो आणि दम्याच्या माणसाला तो चालत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर पीएम २.५, म्हणजे हवेतले फुप्फुसात खोल शिरणारे सूक्ष्म कण, मोजणारा छोटा मीटर वेगळा घ्या. यंत्रावरचा आकडा यंत्राच्या तोंडाजवळच्या हवेचा असतो, लेकरू श्वास घेतं ते पलंगावर. मी मीटर उशीजवळ ठेवत असे. खिडक्यांना फोमची चिकटपट्टी लावली, दाराखाली जुन्या वाकळेची गुंडाळी सारली, तेव्हा बाहेर अडीचशेच्या वर असलेला आकडा आत तीसच्या आसपास येऊ लागला. दार जरा किलकिलं राहिलं की तो पुन्हा चढतो. तेच यंत्र हॉलमध्ये ठेवलं तर आकडा जेमतेम हलतो, कारण हॉलला स्वयंपाकघर आणि जिना दोन्ही जोडलेले. तुलनेसाठी सांगते: आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची १५. बंद खोलीत यंत्र चालू ठेवूनही आम्ही त्या १५ पर्यंत क्वचितच पोचलो.

मीटरनं आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. घरातला धूर बाहेरच्या इतकाच वाईट असतो. मिरच्यांची फोडणी, उदबत्ती, डासांची कॉइल, यातलं काहीही झालं की आकडा शंभर-दोनशेनं उडतो. सासूबाई दिवाळीला आल्या होत्या. त्यांना म्हटलं, "आई, हिवाळ्यापुरता धूप नको लावूया का?" त्या काही बोलल्या नाहीत. पण रात्री लेकीला खोकल्याची उबळ आली, तिला मांडीवर घेऊन बसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून नुसतं तुपाचं निरांजन लावू लागल्या. कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली. झाडू बंद, ओलं फडकं सुरू. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावून पंखा बाहेर हवा फेकेल असा.

खोली दिवसभर बंद ठेवायची नाही. रात्रभर तिघं एका बंद खोलीत झोपलो की आपल्याच श्वासानं हवा जड होते, सकाळी डोकं धरतं. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान खिडक्या उघडायच्या. हिवाळ्यात रात्री जमिनीलगत थंड हवा बसते आणि वर ऊबदार थराचं झाकण पडतं. मग गाड्यांचा, कारखान्यांचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब-हरियाणातली भाताची धसकटं जाळल्याचा धूर खालीच कोंडतो. ऊन तापलं की ते झाकण उठतं. म्हणून पहाटेचं फिरणं दिल्लीत हिवाळाभर बंद ठेवलं आणि लेकीचं खेळणंही दुपारवर नेलं. घराबाहेर पडण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप बघायचं. त्यात हवेचा निर्देशांक (एक्यूआय) असतो, तो मीटरवरच्या आकड्याहून वेगळा: तीनशेच्या वर 'अत्यंत वाईट', चारशेच्या वर 'गंभीर'. गंभीर असेल त्या दिवशी तिला घरीच ठेवायचं, त्यात मी कुणाचं ऐकत नाही.

बाहेर एन-९५ मास्क, तोही डोक्यामागून पट्ट्या असलेला. कानात अडकवायचे बरेच मास्क गालाशी सैल राहतात आणि हवा तिथूनच शिरते. दाढीवरही तो नीट बसत नाही. ओढणी किंवा रुमालानं काही होत नाही. लहान मुलांच्या मापाचा चांगला मास्क आम्हाला शेवटपर्यंत मिळाला नाही.

लेकीचा रात्रीचा खोकला पुष्कळ कमी झाला. याचं श्रेय मी एकट्या यंत्राला देणार नाही. डॉक्टरांनी दिलेला रोजचा इनहेलर, स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) लावून, नंतर गुळण्या, हे एकही दिवस चुकवलं नाही. "आता यंत्र आहे, औषध कशाला," असं मला बऱ्याच जणींनी सुचवलं. कृपा करून तसं करू नका.

त्रास एकाच गोष्टीचा झाला. ऐन नोव्हेंबरात फिल्टर बदलायचा दिवा लागला आणि कंपनीकडं फिल्टर शिल्लक नव्हता. फोनवर रोज नवी तारीख. यंत्र १२ हजारांच्या आसपास पडलं, फिल्टर अडीच हजारांचा, आणि दिल्लीच्या हवेत तो सांगितलेल्या मुदतीच्या खूप आधी काळा होतो. वीज मात्र फार नाही. ४०-४५ वॉटचं यंत्र दिवसरात्र चाललं तरी दिवसाला एक युनिटभर जातं.

जालन्यात यंत्र आणलं नाही. इथं घराला अंगण, दारं सताड उघडी, ते गाळणार काय? म्हणून इथली हवा चांगली आहे असं मात्र नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, हवा मर्यादेत नसलेल्या शहरांच्या यादीत जालना, लातूर आणि आपलं संभाजीनगर आहेच. मीटर सोबत आणलाय. संध्याकाळी गल्लीत कुणी कचरा पेटवला की तो इथंही दिल्लीसारखेच आकडे दाखवतो. भावाला सांगून ठेवलंय की औंदा कापसाच्या पऱ्हाट्या पेटवायच्या नाहीत, बारीक करून रानातच गाडायच्या. तो तयार आहे, पऱ्हाट्या बारीक करायच्या यंत्राच्या भाड्याचं बघतोय.

काकूंच्या मुलाची एकट्याची खोली १० बाय १२ च्या निम्मीच असेल, तर त्याला छोटं, १५० सीएडीआरचं यंत्र पुरेल. फक्त जादा फिल्टर यंत्रासोबतच, नवरात्राच्या आधी घेऊन ठेव म्हणावं.