टचस्क्रीन रिमोट घ्यायचा विचार करताय? गणपतीपासून होळीपर्यंतचा वापर

घरातली सगळी उपकरणं चालवणारा एकच रिमोट घ्यायचा, तर आधी घरची यादी सांगते, कारण कुठला रिमोट घ्यायचा हे त्या यादीवरच ठरतं. मुलुंडचा फ्लॅट. हॉलमध्ये टीव्ही, त्याच्यापुढे वरून उतरणारा मोटरचा पडदा, छताला प्रोजेक्टर. खाली सुताराकडून करून घेतलेल्या सनमायकाच्या कपाटात डेनॉनचा एव्ही रिसीव्हर (सगळ्या उपकरणांचा आवाज घेऊन स्पीकर चालवणारा), ब्लू-रे प्लेयर, डीटीएचचा बॉक्स आणि फायर टीव्ही स्टिक. प्रत्येकाचा रिमोट वेगळा. वापरणारी माणसं चार: मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासरे. यातले सासरे, म्हणजे अप्पा, हेच खरे परीक्षक. संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्ही त्यांचा असतो, आणि एखादं बटण दोनदा दाबावं लागलं की ते सरळ जुना रिमोट शोधायला उठतात.

सध्या आमच्याकडे लोजिटेकचा हार्मनी एलिट आहे. हे मॉडेल २०१५ मध्ये अमेरिकेत ३५० डॉलरला आलं होतं आणि एप्रिल २०२१ मध्ये लोजिटेकने हार्मनी रिमोट बनवणंच थांबवलं. म्हणजे आता मिळेल तो वापरलेला किंवा कुठेतरी पडून राहिलेला. आमचा मावसभावाकडून आला. त्याआधी दिराने त्याच्याकडचा एक पूर्ण टचस्क्रीनचा रिमोट महिनाभर वापरायला दिला होता, आणि बहिणीच्या घरी डीलरने बसवलेली अख्खी सिस्टीम आहे, तिच्याशीही बरीच झटापट झाली आहे. त्यामुळे तुलना करायला तिन्ही प्रकार हाताखालून गेलेत.

दिराचा रिमोट दिसायला फार देखणा. समोर नुसती काच, बाजूला दोन-तीन बटणं. दुकानात कुणीही भुलेल. पण दिवे घालवून सिनेमा लावला की बघा काय होतं. संवाद कुजबुजत चाललेले असतात म्हणून आवाज वाढवलेला असतो, आणि तेवढ्यात ढोल वाजतात. आवाज कमी करायचा तर रिमोट उचला, स्क्रीन जागी होईपर्यंत थांबा, खाली बघा, बारीकशी खूण शोधा, तिच्यावर बोट नेमकं ठेवा. तोवर शेजारच्या काकूंना सिनेमा कळलेला असतो. शिवाय त्या स्क्रीनचा उजेड थेट डोळ्यांवर. खऱ्या बटणावर अंगठा न बघता जातो, काचेवर जात नाही. माझ्या मते आवाज, चॅनेल, वर-खाली-डावी-उजवी, प्ले-पॉझ आणि म्यूट एवढी बटणं ज्यावर खरी नाहीत तो रिमोट होम थिएटरसाठी घेऊच नये, किंमत काहीही असो.

हार्मनी एलिटमध्ये वर रंगीत टचस्क्रीन आणि खाली बटणं, तीही उजळणारी. रिमोट हातात घेतला की आपोआप उजेड येतो. मात्र आकड्यांची बटणं नाहीत, आकडे स्क्रीनवर. डीटीएचचे चार आकडी नंबर अप्पांना तोंडपाठ असल्यामुळे पहिले काही दिवस कटकट झाली. मग स्क्रीनवर आवडत्या चॅनेलची चित्रं लावून दिली. आता अप्पा चित्रावर टिचकी मारतात आणि नंबर रिमोटच पाठवतो. सुरुवातीला मधला एखादा आकडा गळायचा आणि मराठी मालिकेऐवजी भलतंच काहीतरी लागायचं. दोन आकड्यांमधला वेळ सेटिंगमध्ये थोडा वाढवला, ते थांबलं. बॉक्स जुना असेल तर हे नक्की करून बघा.

आता मुद्द्याचं. हे रिमोट इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतात, आणि इन्फ्रारेड एकतर्फी असतं. रिमोट हुकूम सोडतो, टीव्हीने तो ऐकला की नाही हे त्याला कळत नाही. त्यामुळे कुठलं उपकरण चालू आहे हे तो फक्त लक्षात ठेवतो. आपण 'सिनेमा बघा' दाबलं की त्याच्या हिशोबाने जे बंद आहे ते तो चालू करतो. मधल्या काळात कुणी टीव्हीच्या मूळ रिमोटने टीव्ही चालू केला असेल तर हिशोब चुकतो आणि चालू टीव्ही नेमका बंद होतो. याला उपाय म्हणजे 'चालू' आणि 'बंद' यांचे वेगवेगळे कोड. असा कोड असेल तर चालू टीव्हीला परत 'चालू' सांगितलं तरी काही बिघडत नाही. बऱ्याच टीव्हींना आणि डेनॉनच्या रिसीव्हरला असे कोड आहेत, कंपनीच्या रिमोटवर तसं बटण नसलं तरी. सेट-टॉप बॉक्सना मात्र बहुधा एकच पॉवर कोड असतो, तोच चालू करतो आणि तोच बंद. आम्ही बॉक्सला 'कायम चालू' सांगून ठेवलंय, हार्मनीत तशी सोय आहे. तेवढ्याने अर्ध्याहून जास्त गोंधळ संपला. म्हणून रिमोटच्या स्क्रीनचे इंच मोजण्याआधी आपल्या उपकरणांना वेगळे कोड आहेत का, ते बघा.

प्रोजेक्टरची तऱ्हा आणखी वेगळी. बंद करायला पॉवर दोनदा दाबावं लागतं, आधी तो 'नक्की ना?' विचारतो. नंतर दिवा थंड होईपर्यंत कुणाचंच ऐकत नाही. मुलगा घाईघाईत सिनेमावरून क्रिकेटवर आणि परत सिनेमावर येतो तेव्हा हे नडतं. यावर कुठल्याच रिमोटकडे जादू नाही, थांबायचं.

कपाटाची दारं बंद ठेवायची असल्याने आमच्यासाठी हब, म्हणजे रिमोटसोबत येणारी छोटी डबी, महत्त्वाचा ठरला. इन्फ्रारेड काचेतून जातं, सनमायकातून नाही. एलिटचा हातातला रिमोट हबशी रेडिओने बोलतो आणि हब कपाटाच्या आत बसून इन्फ्रारेड सोडतो. हबच्या मागे वायरचे छोटे ब्लास्टर, म्हणजे इन्फ्रारेड सोडणारे दिवे, लावायला दोन जागा आहेत. एक आम्ही रिसीव्हरसमोर चिकटवला, दुसरा कपाटाच्या वरच्या फटीतून बाहेर काढून टीव्हीकडे वळवला. लांबवायची वायर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळाली. ब्लास्टर चालतोय का हे बघायला मोबाईलचा पुढचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा, बटण दाबलं की मोबाईलच्या स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकतो. डोळ्यांना तो दिसत नाही. फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेड नसतंच, तिच्याशी हब ब्लूटूथने बोलतो.

हबला वाय-फाय लागतं, तेही फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. आमच्या बिल्डिंगमध्ये याच बँडवर शेजाऱ्यांचे राउटर मांडीला मांडी लावून बसलेत. फोनवरच्या अॅपने चालवलं तर कधीमधी उशीर जाणवतो. हातातला रिमोट वाय-फायच्या भानगडीत पडत नाही, म्हणून रोजच्या वापरात फरक दिसत नाही. पडद्याची मोटर ४३३ मेगाहर्ट्झवर चालते आणि ती भाषा हार्मनीला येत नाही. पडद्याचा रिमोट भिंतीला लटकवून टाकलाय, विषय संपला.

एक खबरदारी सीईसीची. एचडीएमआय वायरने जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम सोडू शकतात, ही सोय सॅमसंग अॅनीनेट प्लस, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक अशा नावांनी विकतात. एकीकडे रिमोट रिसीव्हर चालू करतो, दुसरीकडे टीव्ही स्वतःहून त्याचा इनपुट बदलतो, आणि दोघांची ओढाताण सुरू. जमेल तिथे सीईसी बंद करा. पण टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरने रिसीव्हरकडे उलटा आणत असाल, म्हणजे एआरसी वापरत असाल, तर अनेक टीव्हींत सीईसी चालू ठेवावंच लागतं. आम्ही टीव्हीत चालू ठेवलंय आणि ब्लू-रे प्लेयरमध्ये बंद केलंय.

बहिणीकडचा प्रकार वरच्या दर्जाचा. कंट्रोल४, सॅव्हंट, क्रेस्ट्रॉन या जातीच्या सिस्टीम नुसत्या इन्फ्रारेडवर थांबत नाहीत, त्या नेटवर्कवरून उपकरणाशी दोन्ही बाजूंनी बोलतात. रिसीव्हरचा आवाज किती आहे हे रिमोटवर दिसतं, चालू-बंदचा हिशोब चुकत नाही, दिवे-पडदे-एसी सगळं एका जागी. (डेनॉनला नेटवर्कवरून चालू करायचं तर त्याच्या मेनूत नेटवर्क कंट्रोल 'कायम चालू' ठेवायला विसरू नका.) वापरायला निःसंशय सर्वात छान. पण मोठे बदल करायचं सॉफ्टवेअर डीलरच्या हातात असतं. बहिणीने डीटीएचची कंपनी बदलली, एवढंच. त्या एका बदलासाठी डीलरचा माणूस यायला आठवडे गेले, फेरीचे पैसे वेगळे, आणि तोवर जावईबापूंनी दोन रिमोट रबरबँडने बांधून दिवस काढले. मोठं घर असेल, दिवे-पडदे-सीसीटीव्ही सगळं एकत्र हवं असेल आणि डीलर खरोखर जवळचा असेल तर जरूर घ्या. आपल्यासारख्या फ्लॅटमध्ये एका हॉलसाठी मला तो खर्च पटत नाही.

हातात धरायच्या टचस्क्रीनचं हे वेड फिलिप्सच्या प्रोंटोपासूनचं, १९९८ सालचं. ती मालिकाही २०१० मध्ये कंपनीने गुंडाळली. गंमत म्हणजे इन्फ्रारेडचे कोड आजही लोक 'प्रोंटो हेक्स' या स्वरूपात एकमेकांना देतात. हार्मनीही बंद झाला, पण त्याची मांडणी, म्हणजे कुठली उपकरणं आणि त्यांचे कोड, कंपनीच्या सर्व्हरवर राहते. ती सेवा लोजिटेकने चालू ठेवलीय, म्हणून नवं उपकरण आजही जोडता येतं. उद्या ती बंद पडू शकते, म्हणून वापरलेला रिमोट घेताना ही जोखीम किमतीत धरा. बॅटरीची अवस्था बघा, जुन्या मालकाच्या खात्यातून हब काढून घ्या, आणि अमेरिकेतून आलेला असेल तर चार्जिंग स्टँडच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का वाचा. हब स्वतः मायक्रो-यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतो, त्याची काळजी नाही.

नवाच हवा असेल तर सोफाबॅटनचा एक्स१एस बघा. त्यात हब आहे, बटणं खरी आहेत, छोटी स्क्रीन आहे पण ती टचची नाही, चाक फिरवून निवड करायची. टच नाही म्हणून तो यादीतून काढू नका, एवढंच माझं म्हणणं. होम असिस्टंट (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे स्वतः मांडायची हौस असेल तर युरोपातल्या अनफोल्डेड सर्कलचे रिमोट आहेत, टचस्क्रीन आणि बटणं दोन्ही असलेले. ते मागवायचे तर कस्टम ड्युटी आणि बिघडल्यावर पाठवायचं कुठे, हे दोन्ही आधी विचारात घ्या.

मूळ रिमोट फेकू नका. सेल काढून एका डब्यात ठेवा, नाहीतर पावसाळ्यात सेल पाझरतात. प्रोजेक्टरचा आणि रिसीव्हरचा मात्र हाताशी असू द्या, आतल्या मेनूंची काही बटणं त्यांच्यावरच सापडतात. बॉक्सचा रिमोट अप्पांनी अजून उशाशी ठेवलाय. तो काढून घ्यायच्या फंदात मी पडलेली नाही.