टीमवर्क ऑनलाइन : मायनर लीगमधल्या पहिल्या नोकरीसाठी कितपत कामाचं?

अमेरिकेत बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये (मुख्य लीगच्या खालच्या पातळ्यांवर) नोकरीत शिरायचं तर क्लबांच्या जाहिराती शोधायला हे संकेतस्थळ उपयोगी आहे. खेळाडू सोडून बाकी सगळं इथे सापडतं, पण सुरुवातीच्या जागा मुख्यतः तिकीटविक्रीच्या. अर्ज डिसेंबर-जानेवारीतच टाका. मार्चनंतर उरतात त्या बहुधा सामन्याच्या दिवसापुरत्या, तासावरच्या.

खरी मेख ‘सीझनल असोसिएट’ (हंगामी कर्मचारी) या पदनामात. मंगळवार ते रविवार सलग सहा घरचे सामने. ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीवर हंगामात घरचे सामने एकूण 75. पाऊस आला की ताडपत्री ओढायला तिकीटवालेही मैदानात! वर्षात सात महिन्यांहून जास्त न चालणाऱ्या करमणूक आस्थापनांना ओव्हरटाइमच्या केंद्रीय नियमातून सूट मिळू शकते. म्हणून पगार तासावर की ठोक, कमिशन फक्त नव्या विक्रीवर की जुन्या ग्राहकाच्या नूतनीकरणावरही, हे मुलाखतीत विचाराच. जाहिरातीत ते क्वचितच स्पष्ट असतं.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या आपल्या मुलांसाठी गणित आणखी अवघड. स्पोर्ट मॅनेजमेंटची पदवी सहसा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) धरत नाहीत, म्हणजे ओपीटीचे, पदवीनंतर काम करायच्या परवानगीचे, 12 महिनेच. डिसेंबरात पदवी घेणाऱ्याला त्यात पूर्ण हंगाम मिळतो, मेमधल्याला दोन हंगामांचे तुकडे.